आमच्या हॉलमधली विधवा

पहिल्यांदा ती मला लिफ्टमध्ये भेटली तेव्हा ओक्साबोक्शी रडत होती. मी ऑफिसातून परतत होते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि ही कोपऱ्यात भिंतीला टेकून हुंदके देत होती. सिंगापूरच्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. बरोबरचे चिनी आजोबा मजल्यांचे आकडे मन लावून वाचत उभे होते. मी मात्र पुण्याची. दुसऱ्याच्या रडण्यात नाक खुपसल्याशिवाय मला घरी जाताच येत नाही. मी विचारलं, "क्या हुआ?" तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "दीदी, ठीक था ना? ज्यादा तो नहीं हुआ?"

तालीम चालली होती. घरी करायची सोय नव्हती, कारण नवरा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी रात्रभर कम्प्युटरसमोर बसायचा आणि दिवसभर झोपायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून ही बाई आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमध्ये लिफ्टनं वर-खाली करत रडायची. मला ती त्याच क्षणी आवडली.

ती बंगाली सिनेमा-मालिकांतली नटी होती. टॉलीगंजची, म्हणजे राहायला नव्हे, कामाला. कलकत्त्याच्या त्या भागातल्या स्टुडिओंत, मेकअप-रूमबाहेरच्या बाकावर तिचं अर्धं तारुण्य गेलं होतं. शेजारी डबा धरून आई बसलेली. "हिचे डोळे छान रडतात," असं कुठल्याशा दिग्दर्शकानं एकदा जाहीर केलं आणि ती कायमची अडकली. हिरोची बहीण किंवा हिरॉइनची मैत्रीण, आणि कुठलीही झाली तरी मध्यंतराच्या आत मरायचं. ती बुडून मेली, क्षयानं मेली, विष पिऊन मेली, एकदा तर नुसत्या अपमानानं मेली. बुडण्याचा सीन जानेवारीच्या थंडीत होता. दिवसभर तळ्यात उभी राहून ती बुडत होती. मग हिरॉइनला वाटलं, हिचं मरण आपल्या लग्नापेक्षा जास्त उठून दिसतंय. सीन कापला गेला. पडद्यावर पाण्यात तरंगणारी एक चप्पल तेवढी उरली.

"और वो चप्पल भी मेरा नहीं था, दीदी," असं सांगून ती खळखळून हसायची.

एकदाच हिरॉइन झाली, तो सिनेमा प्रदर्शितच झाला नाही. मग मालिका आली. मोठ्या एकत्र कुटुंबातली मधली सून, सोसणारी, रडणारी, पण न मरणारी. पहिल्यांदाच मासळीवाला तिला ओळखून रोहूचा चांगला तुकडा द्यायला लागला. हे सगळं जमून येतंय तोवर घरच्यांनी सिंगापूरचा मुलगा शोधला आणि लग्न लावून दिलं.

मालिकेत तिचा नवरा आधीच समुद्रात बुडाला होता, कारण तो नट दुसऱ्या मालिकेत गेला होता. आता ही पण निघाली म्हटल्यावर हिलाही मारायचं ठरलं. तिनं निर्मात्याचे पाय धरले. तोही तसा वाईट माणूस नसावा. त्यानं मधल्या सुनेला नोकरीसाठी सिंगापूरला पाठवून दिलं. तिथून ती दर आठवड्याला घरी फोन करणार, रडणार. सीन तिनं स्वतः चित्रित करून टेप पाठवायची. त्याला फुकटात परदेश मिळत होता. लोक बघतील तोवर तू जगशील, असं त्यानं तिला सांगितलं होतं.

सिंगापुरात तिनं दुसरी कामंही शोधून पाहिली. तमिळ मालिकेसाठी गेली तर तमिळ येत नाही म्हणून परत पाठवली. एका इंग्रजी मालिकेत हॉकर सेंटर नावाच्या इथल्या खाऊगल्लीत मागच्या टेबलावर बसून नूडल्स खाणारी भारतीय बाई झाली, तीही पाठमोरी. पाया लेबारच्या एका मॉलमध्ये साडी नेसून नव्या तांदळाच्या पुड्या वाटल्या. म्हणजे उरला तो हा फोनच. तेवढ्यावर ती तग धरून होती. आणि त्या फोनसाठी तिला एक हॉल हवा होता, जिथे कुणी झोपलेलं नसेल.

आमच्या हॉलला खिडकी होती आणि खिडकीतून एलआरटी दिसायची. एका डब्याची, ड्रायव्हर नसलेली ती चिमुकली गाडी उंचावरच्या रुळांवरून जाते. टेप बघून निर्माता त्या गाडीवर खूश झाला. परदेश म्हणतात तो हाच! त्यानं हुकूम काढला की प्रत्येक सीनमध्ये गाडी पाहिजे. झालं. दर शनिवारी सकाळी आमच्याकडे शूटिंग. माझा नवरा कॅमेरामन, कारण त्याच्याकडे हॅंडीकॅम होता आणि मुलीच्या वाढदिवसांच्या चित्रीकरणाचा दांडगा अनुभव. तो बँकेत असल्यामुळे धोका पत्करायचा नाही. कुठलाही चेहरा दिसला की झूम करून नाकापर्यंत जायचा. मी फोनच्या पलीकडची जाऊ. तिनं देवनागरीत लिहून दिलेली बंगाली वाक्यं मी कॅमेऱ्यामागून वाचायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण जाऊबाईंचा खडूसपणा मला न कळता जमतो असं माझा नवरा म्हणाला. मी ते त्या दिवशी ऐकलं नाही असं दाखवलं.

अशात सासूबाई पुण्याहून राहायला आल्या.

त्यांनी पहिल्याच शनिवारी दार उघडलं तर समोर ही. पांढरी साडी, कोरं कपाळ, मोकळे हात. सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला हाताला धरून बसवलं, डबा उघडून बेसनाचा लाडू दिला आणि पाठीवरून हात फिरवत त्यांच्या खास हिंदीत विचारलं, "कितनी छोटी उमर है गं तेरी! क्या हुआ उसको?"

तिला वाटलं, मालिकेची चौकशी चाललीय. "समुंदर में डूब गया, माशीमा." बंगालीत मावशीला असं म्हणतात.

"अरे देवा. बॉडी मिली क्या?"

"नहीं मिला. राइटर बोलता है, शायद वापस आएगा."

सासूबाईंचा लाडूचा हात हवेतच थांबला. तेवढ्यात माझी मुलगी कॉर्नफ्लेक्सचा वाडगा घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, इट्स ओन्ली अ‍ॅक्टिंग लाह! अंकल इज स्लीपिंग अपस्टेअर्स."

त्यानंतर जे झालं त्याला भूकंप हा शब्द कमी पडेल. नवरा ढळढळीत जिवंत असताना असला वेष? आणि तोही माझ्या मुलाच्या घरात? नाटकं आम्हीही पाहिली आहेत, पण हे असलं अभद्र... सासूबाई दिवसभर स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. मला वाटलं, शूटिंग गुंडाळावं लागणार. पण पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. शूटिंग संपलं की त्या करंडा घेऊन दारात उभ्या. बंगालीण हळदीकुंकू लावून घेतल्याशिवाय बाहेर पडायची नाही. कपाळाला तर लावायचंच, आणि "तुमच्यात भांगात भरते ना?" असं म्हणून भांगातही एक बोट ओढायचं. ती बिचारी खाली वाकून नमस्कार करायची. हळूहळू दोघींचं गूळपीठ जमलं. दोघींच्या हिंदीला व्याकरणाची अडचण नव्हती, त्यामुळे गप्पा तासन्‌तास चालायच्या.

मग श्रावणात एका गुरुवारी संध्याकाळी ती खाली आली आणि यावेळी लिफ्टमधलं रडणं नव्हतं. डोळे कोरडे ठक्क. कलकत्त्याहून फोन आला होता. प्रेक्षक कंटाळले, फोनवर किती दिवस रडणार? एक शेवटचा सीन पाठव, घरच्यांचा निरोप घेतल्यासारखा. पुढच्या भागात तिकडे बातमी येईल की मधल्या सुनेला सिंगापुरात गाडीनं उडवलं. टेप दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानानंच निघायला हवी होती.

मी तिला चहा दिला. तिनं पर्समधून आपलं इमिग्रेशनचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "दीदी, पढ़ो. क्या लिखा है?" डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्याच्या आधारानं राहायचा परवाना, असं लिहिलं होतं. "इतना साल काम किया. मरते-मरते काम किया. ये फोन बंद हुआ तो मैं बस यही है." मला गलबलून आलं. मी सांत्वनाचं काहीतरी बोलले असेन, पण खरं तर तेव्हा मला त्या निर्मात्याचा गळा धरावासा वाटत होता.

शुक्रवारी मी रजा टाकली. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा खोटा एमसी घेतला. म्हणजे डॉक्टरकडे जाऊन पोटात कळ येतेय असं सांगितलं आणि आजारपणाचा कागद आणला. येताना तो इतका भेदरलेला होता की खरंच आजारी दिसत होता. तिकडे सासूबाईंचा श्रावणी शुक्रवार. पुण्याहून आणलेला जिवतीचा कागद फ्रीजवर चिकटवलेला, पुरण शिजत होतं, आणि सवाष्ण म्हणून जेवायला कोणाला बोलावलं होतं तर हिलाच. एकाच हॉलमध्ये एकाच बाईला एकीकडे सवाष्ण आणि दुसरीकडे विधवा करायचं होतं. मी सासूबाईंना विनवलं, "आई, आधी शूटिंग होऊन जाऊ दे. मग काय ते हळदीकुंकू, दूध, फुटाणे." त्या "हो हो" म्हणाल्या. त्यांचं "हो हो" मी लग्नापासून ओळखते.

पहिला टेक सुंदर झाला आणि गाडी आलीच नाही. दुसऱ्याला गाडी आली, पण कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्याला माझी पानं उलटी लागली. ती थकून सोफ्यावर बसली. नवरा बॅटरी बदलायला आत गेला, मी पानं लावत जेवणाच्या टेबलाशी. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी तिला जवळ घेतल्याचं मी पाहिलं. ती त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडत होती. मला वाटलं, रडू दे, बरं वाटेल. इतक्यात खिडकीशी उभी केलेली माझी मुलगी ओरडली, "इट्स कमिंग, इट्स कमिंग!" एकच पळापळ झाली. तिनं डोक्यावरून कपाळापर्यंत पदर ओढला, फोन उचलला, नवऱ्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

त्या टेकबद्दल मला नीट सांगता येणार नाही. ती फोनवर सगळ्यांचा निरोप घेत होती. सासऱ्यांची औषधं, धाकट्या दिराची परीक्षा, अंगणातली तुळस. शेवटी एक वाक्य राहिलं आणि ती नुसतीच थांबली. मागून एलआरटी गेली. तिनं मान वळवून त्या गाडीकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर घसरला, आणि तिनं ते वाक्य न बोलताच फोन ठेवला. मी कागदात डोकं घालून मुसमुसत होते. नवरा कॅमेऱ्यामागे नाक ओढत होता. कुणाचीच "कट" म्हणायची हिंमत होईना. मग मी टेप घेऊन जी धावले ती थेट चांगी विमानतळावरच. कलकत्त्याला निघालेल्या, आमच्या ऑफिसातल्या एका बंगाली माणसाच्या हातात दिली आणि घरी आले.

घरी आले तर दारात ती उभी, चेहरा पांढराफटक. वर गेल्यावर तिनं आरसा पाहिला होता. कपाळावर हळदीकुंकू, आणि भांगात हे एवढं लालभडक! पदर घसरला तेव्हा सगळं दिसलं असणार. आमच्या हॅंडीकॅमच्या भिंगात काळंपांढरं दिसायचं, त्यामुळे नवऱ्याला ती नुसती सावली वाटली. सासूबाई शांतपणे पुरणपोळीवर तूप सोडत होत्या. "माझ्या घरात, श्रावणातल्या शुक्रवारी, सवाष्णीला मी कोऱ्या कपाळानं बसू देईन होय?"

तिनं कलकत्त्याला किती फोन केले! कुणी उचलेना. टेप तिकडे पोचली ती प्रक्षेपणाच्या आधी अगदी थोडा वेळ, आणि ती तशीच गेली. इथे तो चॅनल दिसत नसल्यामुळे आम्हाला काहीच कळेना. आम्हाला पहिली बातमी दिली ती ब्लॉकखाली झाडलोट करणाऱ्या बांगलादेशी कामगारानं. तिला पाहून तो झाडू खाली ठेवून हसतहसत काहीतरी म्हणाला आणि ही मटकन बाकावरच बसली. त्याच्या बायकोनं गावाहून फोन करून त्याला विचारलं होतं, मधल्या सुनेनं सिंगापुरात गुपचूप कुणाशी लग्न केलं ते जरा बघून सांग.

कलकत्त्यात गदारोळ उडाला होता. न बोललेलं वाक्य, घसरलेला पदर आणि भांगातला सिंदूर! निम्म्या बायका म्हणत होत्या, बरं केलं बाईनं. निम्म्या म्हणत होत्या, निर्लज्ज. पण बघत सगळ्याच होत्या. निर्मात्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मला सोफ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येत होता. काय कल्पना! कुणाची? ती अत्यंत गंभीरपणे म्हणाली, माझी. गाडीनं उडवणं रद्द झालं.

आता पुढची अडचण. लग्न केलं म्हणजे नवरा दाखवायला हवा. निर्माता म्हणाला, तूर्त नुसती पाठ दाखवा, चेहरा पुढे बघू. आमच्याकडे पुरुषाची पाठ एकच होती. कॅमेरा माझ्या हातात आला आणि माझा नवरा निळा शर्ट घालून खिडकीशी एलआरटी बघत उभा राहिला. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"अगं, माझ्या मुलाचं लग्न लावलंत तुम्ही तिच्याशी?"

"नुसती पाठ आहे, आई."

"पाठ असली म्हणून काय झालं? माझीच आहे ना ती?"

"कुंकू पण तुमचंच होतं," मी म्हटलं. अशी संधी मला पुन्हा मिळाली नसती. त्या माझ्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. नंतर मात्र मुलाला ताठ उभं राहा, पोक काढू नकोस, असं सांगायला खिडकीपाशी येऊ लागल्या.

ही गंमत दिवाळीपर्यंत चालली. आणि मग कलकत्त्याहून बोलावणं आलं. मधल्या सुनेला घरी परत आणायचं, तिच्याभोवतीच मालिका फिरवायची, पण आता हॉलमध्ये फोन नाही, स्टुडिओत रोज काम. निदान वर्षभर तरी तिकडे राहायला हवं. नाही जमलं तर दुसरी नटी घेऊ, लोकांना दोन दिवसांत सवय होते. तिनं हे हसत हसतच सांगितलं. तिचा नवरा नको म्हणत होता. रागावून नाही, तो रागावणारा माणूसच नव्हता. मी इथे एकटा काय करू, लोक काय म्हणतील, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि ती जवळजवळ तयार झाली होती. "छोड़ो दीदी," ती म्हणाली. "और एक बार मर जाएगा, क्या होता है?"

रविवारी तो स्वतः खाली आला, तिला बरोबर घेऊन, हातात संदेश या बंगाली मिठाईचा डबा. किडकिडीत, चष्मा, अपुऱ्या झोपेचे डोळे. तो डबा सासूबाईंसमोर ठेवून म्हणाला, "माशीमा, ये आपका बात मानती है. आप समझाइए." सवाष्णपणासाठी घर डोक्यावर घेणारी ही बाई आता काय सांगणार, हे मला ऐकायचंच नव्हतं.

सासूबाईंनी त्याला विचारलं, "तू इसका काम देखा है?"

"यहाँ वो चॅनल नहीं आता, माशीमा."

"लग्न के पहले?"

लग्नाआधी तो शिकायला बाहेर होता, मग नोकरीला बाहेर.

"एक भी नहीं देखा?"

त्यानं मान हलवली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला तोवर हे माहीत नव्हतं. आमच्या घरात इतके शनिवार ती रडली, हसली, निरोप घेऊन मेली आणि जगली, आणि हा माणूस वरच्या मजल्यावर झोपलेला होता. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

सासूबाईंनी मुलाला हाक मारली. त्यानं प्रत्येक टेपची नक्कल ठेवलेली होती, घाईत गेलेल्या त्या टेपचीही कलकत्त्याहून मागवून घेतलेली. हॅंडीकॅम टीव्हीला जोडला. आमच्या हॉलमध्ये, आमच्याच सोफ्यावर बसून त्यानं आमचाच हॉल पाहिला. त्यात त्याची बायको. सासऱ्यांची औषधं, दिराची परीक्षा, तुळस. सुरुवातीला तो ओशाळून हसत होता. मग संदेशचा तुकडा हातात तसाच राहिला. मागून गाडी गेली. तिनं मान वळवली, थांबली, फोन ठेवला.

पडदा निळा झाला. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं, "और है?"

सगळ्या टेप होत्या. त्यानं त्या सगळ्या पाहिल्या. अंधार पडला, मी वरणभात लावला, तो तिथेच ताट घेऊन जेवला. मध्ये एकदा उठून कामावर फोन केला की आज उशीर होईल. शेवटची टेप संपली तेव्हा त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं अजून तोंड आमच्याकडे वळवलेलं नव्हतं.

"तुम इतना दिन ये कर रहा था," तो म्हणाला, "और मैं ऊपर सो रहा था." मग हळूच विचारलं, "टिकट कब का निकालूँ?"